बबडीचं यकृत आणि जावयाचं यंत्र

…आणि वर डॉक्टरबाई तिसऱ्यांदा मला विचारतात, "पण नक्की खातेय ना ती?" म्हणजे बघा! एकदा विचारलंत, मी म्हटलं, खाते. दुसऱ्यांदा विचारलंत, मी म्हटलं, वेळेवर खाते, चोख खाते, ताटली घासायची गरज पडू नये इतकं स्वच्छ खाते. आता तिसऱ्यांदा काय, शपथेवर सांगू? कोर्ट आहे का हे? जनावरांचा दवाखाना आहे, बाकावर माझ्या शेजारी एक ससा बसलाय, समोर एका पोपटाला शिंका येतायत, आणि मी, चांगला घरचा कर्ता माणूस, एका मांजरीच्या जेवणाबद्दल उलटतपासणी देतोय!

तुम्हाला सांगतो, प्रश्न विचारण्याचा मला राग नाही. प्रश्न विचारणं हा माझाच धंदा आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, जे बंद पडेल ते मी चालू करतो, आयुष्य गेलं यात. कुठल्याही घरात जा, माणसं काय म्हणतात? "अहो, आम्ही काहीच केलं नाही हो, आपोआपच बंद पडलं." आपोआप! मी मशीन उघडतो, आत मोजा. मी मशीन उघडतो, आत चमचा. एका घरात तर ड्रमच्या मागून अख्खी कवळी निघाली. मी विचारलं, ही कोणाची? तर सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघतंय, आणि आजोबा कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून बसलेत! मग मी तरी माणसांवर विश्वास का ठेवायचा? माझा आपला एक नियम. यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

आता ही बबडी. बबडी म्हणजे आमच्या सासूबाईंची मांजर. पांढरीशुभ्र, म्हणजे होती पांढरीशुभ्र, त्या रंगावरूनच तर पुढचं सगळं रामायण घडलं. सासरे गेले, त्यानंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, दोन बॅगा आणि एक मांजर घेऊन. बाई स्वभावाने देवमाणूस, पण माझ्याशी बोलणार मोजून. मी जावई ना! "जावईबापू, चहा ठेवू?" "जावईबापू, पंखा वाढवू का?" संपलं. तोंडातून तिसरं वाक्य नाही. आणि बबडीशी? खोलीचं दार लोटून घेतात आणि तासन्‌तास गप्पा! मी दारावरून जाता-येता ऐकतो ना. "तुला आठवतं का गं, ते कसे भाजी निवडताना गाणं म्हणायचे?" मांजरीला विचारतायत! आणि मांजर म्हणते, म्याँव. मी बायकोला म्हटलं, अगं, ही मांजर नाही, तुझ्या आईची मैत्रीण आहे. बायको म्हणाली, "अहो, तेवढीच उरलीय तिला." मी मुकाट्याने मांजरीला 'अहो बबडीताई' म्हणायला लागलो.

पण ताई जाड! किती जाड? सोफ्यावर पसरली की पाहुणे तिला उशी समजून टेकायला जायचे. कारण काय, तर पद्धतच नाही! म्याँव केलं की सासूबाई उठल्या, दाणे वाढले. पुन्हा म्याँव, पुन्हा दाणे. अहो, याला काय अर्थ आहे? कुठल्याही गोष्टीला वेळ हवी, माप हवं! आणि माझ्यासारखा माणूस घरात असताना मांजरीने अंदाजपंचे जेवायचं?

म्हणून मी यंत्र बनवलं. हसू नका. बाजारात मिळतं म्हणे तसलं काहीतरी, प्लास्टिकचं, नाजूक, ते सोडा. मी माझं बनवलं. भंगारातल्या वॉशिंग मशीनचा टायमर, मिक्सरची मोटर, वर दाण्यांचा डबा, खाली घसरगुंडी, घसरगुंडीखाली ताटली. दिवसातून ठरल्या वेळी मोटर फिरणार, मापात दाणे पडणार, आणि पडायच्या आधी सूचना म्हणून भोंगा वाजणार. भोंगा कुठला? धुणं झालं की वाजतो ना, तोच. दोन मजले खाली ऐकू जातो. दर्जेदार माल!

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना गोळा केलं. बायको, सासूबाई, आणि सासूबाईंच्या कडेवर प्रमुख पाहुण्या बबडीताई. मी म्हटलं, बघा बघा, आता वाजेल! वाजला. मोटर घर्रर्र फिरली, डबा थरथरला, दाणे खडखडखडखड करत ताटलीत… आणि बबडी? बबडी कडेवर नव्हती. बबडी कपाटावर होती. शेपटी अशी, बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगलेली. मी म्हटलं, हे काय? सासूबाईंनी हातावरचा ओरखडा झाकला आणि म्हणाल्या, "लाजली हो, जावईबापू."

लाजली! मला पटलं. नवीन वस्तू आहे, माणूससुद्धा लाजतो. मी कामावर निघून गेलो, परत आलो, बघतो तर ताटली रिकामी! चकचकीत! दुसऱ्या दिवशी रिकामी, तिसऱ्या दिवशी रिकामी. मी सासूबाईंना म्हटलं, बघितलंत? सासूबाई म्हणाल्या, "हो ना, बाई, नवलच." मी आणि ती ताटली, आमचं असं काही जमलं म्हणता! रोज घरी आलो की चपला काढायच्या आधी ताटली बघायची. आणि सुट्टीच्या दिवशी तर मी स्वतः यंत्राशेजारी उभा राहायचो आणि भोंग्याच्या आधी मोठ्याने सांगायचो, "बबडीताई, चला, वाजेल आता!" तिला सवय लागावी म्हणून. माणसाने पुढाकार घ्यावा लागतो.

आणि परिणाम? वजन उतरायला लागलं! पोट आत, गळा बारीक, पाठीचा कणा हाताला लागतोय. मी खूश. गिऱ्हाइकांना सांगत सुटलो. फ्रिजचा गॅस भरता भरता सांगायचो, अहो, आमच्याकडे मांजरीचं वजन यंत्राने उतरवलंय, व्यायाम नाही, पथ्य नाही. एक बाई म्हणाल्या, "माणसांसाठी बनवाल का?" मी विचार करतो म्हटलं. एवढंच काय, आमच्या गेटवर एक कुत्रा बसतो, काही करत नाही, नुसता येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतो म्हणून त्याला सगळे मॅनेजर म्हणतात, तोसुद्धा त्या दिवसांत मला बघून शेपटी हलवायला लागला. अंगावर तुकतुकी आलेली, चाल बदललेली. मला वाटलं, माणसाचं चांगलं चाललं की जनावरालाही कळतं!

मग एक दिवस सासूबाई दारात येऊन उभ्या. नुसत्या उभ्या. मी म्हटलं, काय हो आई? तर हळूच म्हणतात, "जावईबापू, बबडीचे कान तुम्हाला पिवळे वाटतात का हो?"

पिवळे! मी बघितले. वाटले. पण नुसतं वाटून चालतं का? दोष शोधायची पद्धत असते हो! एकेक वस्तू बाजूला काढायची, उरेल तो दोष. मी आधी दिवा बदलला. कान पिवळेच. पडदा काढला. पिवळेच. माझा चष्मा काढला. आता काहीच दिसेना, पण जे दिसत होतं ते पिवळंच. मग मला सुचलं की घरात सगळ्यात पांढरा उजेड कुठला? फ्रिजमधला! मीच बसवलाय, मला माहीत आहे. मी फ्रिज उघडला, बबडीला उचललं, दुधाच्या भांड्याशेजारी तिचं डोकं उजेडात धरलं, कान उलटा केला, तेवढ्यात बायको आली. "अहो! तुम्ही मांजर फ्रिजमध्ये ठेवताय?" मी म्हटलं, ओरडू नकोस, तपासणी चाललीय! आणि खरं सांगू? तिथे त्या उजेडात मी बघितलं, कान पिवळा, हिरड्या पिवळ्या, डोळ्याचा पांढरा भागसुद्धा पिवळा, आणि एवढी मी उलटीपालटी केली तरी बबडीने मला ओरबाडलं नाही. एरवी नुसता हात लावला तर रक्त काढायची. नुसती लोंबकळून राहिली हातात. तेव्हा मी फ्रिज बंद केला आणि तिची टोपली शोधायला लागलो.

म्हणून दवाखाना. डॉक्टरबाई वयाने लहान, आवाज असा की पुढे वाकून ऐकावं लागतं. बबडीला टेबलावर ठेवलं, कान बघितले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, अंगाला ताप आहे का बघितलं. मी म्हटलं, काय झालंय? तर म्हणतात, "कावीळ आहे. यकृताचं काहीतरी असू शकतं."

असू शकतं! मी आयुष्यात गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलेलं नाही. 'तुमच्या मशीनचं काहीतरी असू शकतं' असं म्हटलं तर मला कोणी चहा तरी विचारेल का? मी म्हटलं, आहे की नाही? त्या म्हणाल्या, "रक्त तपासू, मग कळेल." रक्त तपासलं. पिवळेपणाचा आकडा चढलेला, यकृताचे आकडे चढलेले. मी म्हटलं, चला, सापडला दोष! तर म्हणतात, "यकृत बिघडलंय हे कळलं. का बिघडलंय ते नाही कळलं. संसर्ग असू शकतो, सूज असू शकते, गाठ असू शकते, चरबी साठलेली असू शकते." पुन्हा शकते, शकतो, शकते! आणि मग तो प्रश्न. "खाणं कसं आहे तिचं?"

मी म्हटलं, चोख. आणि मी यंत्राचं सगळं समजावून सांगितलं हो त्यांना! टायमर, मोटर, घसरगुंडी. ससेवाले कान देऊन ऐकत होते. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि परत, "म्हणजे ती खाते?" मी म्हटलं, ताटली रिकामी असते, रोज, न चुकता. त्या म्हणाल्या, "खाताना कोणी बघितलंय?" आता काय सांगू! वॉशिंग मशीन धुतं ते आपण आत बसून बघतो का? कपडे स्वच्छ निघाले, म्हणजे धुतले! यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई बबडीची रिकामी टोपली मांडीवर घेऊन जमिनीकडे बघत बसलेल्या. बायको भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर वाचतेय. इतकं मन लावून, जसं काही उद्या परीक्षा आहे तिची. मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात.

मग सोनोग्राफी. पोटावरचे केस काढले, आणि तिथली कातडीसुद्धा पिवळी, पिकलेल्या लिंबासारखी. पडद्यावर काहीतरी करडंकरडं दिसतंय, मला काही कळेना, पण मी मान हलवत होतो, धंद्यातला माणूस आहे ना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यकृत मोठं झालंय, आणि फार चमकतंय. चरबी भरल्यासारखं. मांजरांचं असं असतं, खाणं सुटलं की अंगावरची चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही, मग तिथेच साचते. मांजर जाड असेल तर लवकर साचते." मी म्हटलं, म्हणजे फिल्टर तुंबला! त्या म्हणाल्या, "तसं म्हणा. पण हे होतं उपाशी राहिलेल्या मांजराला."

उपाशी? माझ्या घरात? मी उठून उभा राहिलो. मी म्हटलं, बाई, माझ्या घरी मांजरीला सूचना देऊन, माप काढून, यंत्राने वाढतात, आणि तुम्ही उपाशी म्हणता? डॉक्टरबाई शांत. मला त्या शांतपणाचा असा राग आला! त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ती खाते, तर मग मला हे चित्र जुळत नाहीये. खाणाऱ्या मांजरीचं यकृत असं कशाने झालं, ते शोधावं लागेल. पोट उघडून यकृताचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. ती फार अशक्त आहे. भूल झेपेल याची मी खात्री देऊ शकत नाही." मी म्हटलं, उघडा! दोष सापडायचा तर उघडावंच लागतं! अहो, मी झाकण उघडल्याशिवाय काही दुरुस्त केलंय का कधी?

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, सासूबाई बोलल्या. माझ्यासमोर, तिसऱ्या माणसाशी, मी असताना, सासूबाई बोलल्या! "डॉक्टर, पोट उघडू नका. ती खात नाहीये."

मी वळून बघितलं. म्हटलं, आई, काय बोलताय?

टोपलीची कडी हातात गच्च धरलेली. "तो भोंगा झाला की ती पलंगाखाली जाते. दिवसभर येत नाही बाहेर. आधी माझ्या हातून दोन दाणे घ्यायची, मग तेही सोडलं. मी म्हटलं, होईल सवय." डॉक्टरबाई म्हणाल्या, "कधीपासून?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "यंत्र आलं तेव्हापासून. तीनेक आठवडे झाले असतील."

मी म्हटलं, आणि ताटली? ताटली रिकामी कशी? तर बायको, पोस्टर वाचायचं न थांबवता, म्हणते, "मॅनेजर."

मॅनेजर! दाणे गेटवर जात होते! रोज, कागदात बांधून! आणि मी समजत होतो त्या कुत्र्याला माझ्याबद्दल माया वाटतेय! मी म्हटलं, अगं पण सांगायचं ना मला! एक शब्द? तर सासूबाई रडायलाच लागल्या. "कसं सांगणार हो? एवढं हौसेने केलंत तुम्ही. माझ्या बबडीसाठी केलंत. रोज घरी आल्यावर त्या ताटलीकडे बघून तुमचा चेहरा कसा फुलायचा. जावयाचं मन कसं मोडायचं?" माझं मन! माझं मन मोडू नये म्हणून मांजर उपाशी ठेवली, मला कळू नये म्हणून कुत्रा पोसला, आणि मी काय, तर वजन उतरलं म्हणून पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून गावभर हिंडतोय! मला कसंतरीच झालं हो. खरंच. त्या बाईची एकुलती एक मैत्रीण टेबलावर पिवळी पडून मरायला टेकलीय आणि ती अजून माझ्याच मनाचा विचार करतेय. मी तिथे पहिल्यांदा गप्प बसलो. सशाने पण माझ्याकडे बघितलं.

पण एक सांगतो. यंत्र खोटं बोललं का? नाही! यंत्र काय म्हणत होतं? 'मी टाकले.' टाकले होते! 'तिने खाल्ले' असं यंत्र म्हणालं का कधी? ते मी म्हणत होतो. डिझाईनमध्ये चूक नाही. मी हे डॉक्टरबाईंना तिथल्या तिथे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि पहिल्यांदाच हसल्या.

मग सगळं सरळ झालं. पोट उघडायची गरज नाही म्हणाल्या. रक्त नीट गोठतंय ना ते आधी बघितलं, इंजेक्शन दिलं, मग बाहेरूनच बारीक सुई घालून यकृतातला एक थेंब काढला, काचेवर पसरला, मायक्रोस्कोपखाली धरला. मलाही बघायला दिलं. नुसते बुडबुडे बुडबुडे! चरबीचे! अशी सापडली चूक. मी म्हटलं, आता औषध? त्या म्हणाल्या, "औषध म्हणजे जेवण. पोटभर, रोज, यकृत रिकामं होईपर्यंत. ती स्वतः खाणार नाही, म्हणून मानेतून नळी घालू, त्यातून पातळ अन्न द्यायचं." सासूबाईंनी विचारलं, "वाचेल ना?" आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाचू शकते." आता इतका वेळ मला ज्या शब्दाचा राग होता ना, तोच शब्द आम्ही तिघं रिक्षात धरून बसलो होतो. वाचू शकते म्हणाल्या ना? हो, शकते म्हणाल्या. स्पष्ट म्हणाल्या? अगदी स्पष्ट!

घरी नळीचं जेवण सुरू झालं. बबडीच्या गळ्यात पट्टी, पट्टीतून नळी बाहेर, आणि सिरिंजने हळूहळू, थेंबाथेंबाने आत. सासूबाई ते इतक्या निगुतीने करायच्या, एक घास झाला की म्हणायच्या, "झालं गं बाई, एवढंच." मी बघत होतो. मला राहवेना. मी म्हटलं, आई, हात दुखत असेल, वॉशिंग मशीनचा छोटा पंप आहे माझ्याकडे, नळीला जोडला की एकसारखी धार… तर दोघी एकदम किंचाळल्या, "नाही!" सासूबाईसुद्धा! माझ्यावर! मला वाईट वाटायला हवं होतं, पण तुम्हाला सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, आली बाई माणसात.

यंत्र मी मोडलं. स्वतःच्या हाताने. फक्त कान बघायचं काम ठेवलं माझ्याकडे. रोज सकाळी बबडी, फ्रिज, उजेड. पिवळा, पिवळा, थोडा कमी पिवळा, मग एक दिवस कडेला गुलाबी! मी फ्रिजसमोरून ओरडलो, गुलाबी! बायको धावत आली, सासूबाई धावत आल्या, तिघंही उघड्या फ्रिजसमोर उभे, आत दूध गरम होतंय, कोणाला पर्वा नाही. आणि मग बबडीने ओरबाडलं मला. चांगलं, लांबच्या लांब. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण नळीवर आयुष्य काढणार का ती? डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तिने स्वतः खायला हवं, तरच नळी काढता येईल." आणि ती खाईना! ताटली पुढे केली की वास घेते, जीभ बाहेर काढते, आणि थांबते. कान मागे. पलंगाखाली. पुन्हा नळी. सासूबाईंचा जीव टांगणीला. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, आता काय दोष राहिला? यंत्र नाही, भोंगा नाही. त्या म्हणाल्या, "मी घरी येऊन बघते."

आल्या. आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी काय केलं? माझी पद्धत! एकेक वस्तू बाजूला! ताटली बदलली. खाईना. खोली बदलली. खाईना. दाण्यांऐवजी ओलं, कोमट करून ठेवलं. वास घेतला, खाईना. बायकोला बाहेर काढलं. खाईना. मी तिथे उभा राहून सांगतोय, हं, आता उजेड बदला, आता पंखा बंद करा, आणि बबडी माझ्या प्रत्येक वाक्याला एक पाऊल मागे. डॉक्टरबाईंनी बबडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बबडीकडे बघितलं. आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी म्हटलं, मी? त्या म्हणाल्या, "भोंग्याच्या आधी तुम्ही तिला काहीतरी सांगायचात ना, मोठ्याने?" मी म्हटलं, सवय लागावी म्हणून! त्या म्हणाल्या, "लागलीय."

मी बाहेर गेलो. दार लोटलं गेलं. आणि आतून, काय सांगू, चप चप चप चप! खायला लागली! मी आनंदाने ओरडलो, "खाल्लं का?" चप बंद. सासूबाईंचा आवाज, "जावईबापू, थोडं लांब उभं राहाल का हो?" मी हॉलमध्ये गेलो. तिथून बायकोशी बोललो, चप बंद. दाराबाहेर गेलो. मग जिन्यात. मग इथे, या खालच्या पायऱ्यांवर. दोष सापडला, पार्ट बाहेर काढला, मशीन चालू! डॉक्टरबाईंच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, पद्धत म्हणजे पद्धत.

तेव्हापासून तिची जेवायची वेळ झाली की मी इथे. आता कोणी येतं-जातं, विचारतं, का हो बसलाय, मग मी सांगतो, माणूस किती वेळ गप्प बसणार? आणि नळी बहुतेक या आठवड्यात निघेल म्हणतायत, आज तर म्हणे पूर्ण वाटी संपवेल अशी भूक… हं? काय? कोण, मी? मोठ्याने बोलतोय?… खिडकी उघडी आहे का वरची?…

सासूबाईंनी हात केला. खायची थांबली म्हणतायत.

…बरं.

राहिलो गप्प.